कोंबडी कुणीच पाहिली नाही

चित्रातलं आपल्याला कळतं असं म्हणणाऱ्या माणसांची मला मनापासून चीड आहे. त्यांत पहिला नंबर माझाच, तेव्हा उगाच कुणी अंगाला लावून घेऊ नये.

चित्र आमच्याच घरातलं. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावानं काढलेलं, गोवा मुक्त झाल्यावर तीन-चार वर्षांनी. काका तेव्हा मुंबईला चित्रकला शिकत होते आणि मे महिन्याच्या सुटीत सुर्ल्याला आमच्या घरी यायचे. चित्रात एक बाई मागच्या दाराच्या पायरीवर बसली आहे, उंबऱ्याच्या बाहेर. सकाळची वेळ. डोक्यावरून पदर. तोंड अर्धंच दिसतं. मान खाली, दोन्ही हात जुळवून ओठांपाशी धरलेले. आणि खालच्या पायरीजवळ एक तांबडी कोंबडी मान वर करून तिच्याकडे टक लावून बघते आहे. बस, एवढंच. ती बाई म्हणजे माझी आई.

चित्र पुरं झालं त्या दिवशी काकांनी ते बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. घरी पूजा होती, भटजी आले होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, चित्राकडे बघितलं आणि ताबडतोब निकाल दिला, “ही तर सूर्यनारायणाक अर्घ्य देता!” हातात तांब्या नाही, पाणी नाही, आणि तोंड पश्चिमेला. आमचं मागचं दार पश्चिमेला आहे हे भटजींना ठाऊक होतं, दर महिन्याला त्याच दारानं ते पाय धुवायला जायचे. पण एकदा अर्घ्य म्हटलं की अर्घ्य.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, हरखून गेली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिच्या तोंडून सुनेबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. आई पार्श्याची, म्हणजे उत्तरेकडच्या त्या गावातली. माहेरी नारळ-काजू, भाताची शेती, दोन वेळा पोटभर जेवायची सवय. आजी जिला-तिला सांगायची की पार्श्याची माणसं खायला सोकावलेली असतात. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “बघलात भटजीनू? आमची सून!” चित्र खिळा ठोकून बैठकीत लागलं, येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं. काका काहीतरी बोलायला गेले होते म्हणे. पण आईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि ते गप्प बसले.

आता ह्या मूर्खपणाची फळं ऐका. आमच्याकडे सासू थकली की आपला उपवास सुनेच्या ओटीत घालते. नारळ, खण, तांदूळ आणि त्यावर उपवास. एरवी सासू साठीला येईपर्यंत ही पाळी येत नाही. आमच्या आजीनं पन्नाशीच्या आतच सगळं उरकलं. सून एवढी भाविक, मग आपण कशाला वाट बघायची? आधी सोमवार गेला, मग एकादशी, मग संकष्टी. आजी स्वतः त्या दिवसापासून तीनही वेळा जेवायला मोकळी झाली आणि चांगली नव्वद वर्षं जगली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी म्हटलं असतं, घरची गोष्ट आहे. पण चित्र बैठकीत होतं ना! वाड्यावरच्या बायका यायच्या, चित्राकडे बघायच्या, हात जोडायच्या. कुणाच्या मुलाला खाणीवर ट्रक चालवायची नोकरी हवी होती, कुणाच्या नवऱ्याला मुरगाव बंदरात कायम व्हायचं होतं. “वैनी, तुमचो उपास फळता. आमच्यासाठी पाच मंगळवार धरा.” स्वतः धरायचे नाहीत हं! स्वतः घरी जाऊन बांगड्याची कढी आणि उकड्या तांदळाचा भात. नोकरी लागली की पेढे घेऊन यायच्या. ते पेढेही आईला खाता यायचे नाहीत, कारण तोवर दुसऱ्या कुणाचा मंगळवार सुरू झालेला असायचा.

मी लहान असताना मला ह्याचा काय तो अभिमान! आई उपाशी स्वयंपाक करायची आणि मी मैत्रिणींना सांगायची, आमची आई पाणीसुद्धा पीत नाही. तिचा चेहरा दुपारी तीनच्या सुमारास मातीसारखा व्हायचा. मला वाटायचं, भक्तीनं होतो.

पुढे म्हापशाच्या कॉलेजात गेले आणि माझ्या अंगात वाङ्मय शिरलं. वार्षिक अंकासाठी मी त्या चित्रावर लेख लिहिला. नाव दिलं ‘मौन प्रार्थना’. त्यात एक वाक्य होतं, ‘ही ओंजळ रिकामी आहे, म्हणूनच ती भरलेली आहे.’ देवाशपथ सांगते, असं वाक्य मी लिहिलं. कोंबडीवर तर अख्खा परिच्छेद होता. कोंबडी म्हणजे ऐहिक मोह, तो पायाशी घुटमळतो, पण साधिकेचं लक्ष ढळत नाही. पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात लेख वाचून दाखवला आणि ओंजळीच्या वाक्यापाशी डोळे मिटले.

घरी येऊन मी तो आईला वाचून दाखवला. तिनं हातातलं काम थांबवून सगळा ऐकला. मग म्हणाली, “बरां लिवलंस. पण ओंजळ रिकामी असा म्हणान तुका कोणी सांगलां?” मला वाटलं, किती हा विनय! तेही मी पुढच्या एका भाषणात वापरलं.

त्या अंकाची एक प्रत कुणीतरी डिचोलीला नेली. मग डिचोलीहूनही बायका यायला लागल्या.

वर्षं गेली. वडील खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाले, दोन वर्षांत गेले, आणि काही वर्षांनी आजीही गेली. मी हायस्कुलात मराठी शिकवत होते, म्हणजे दर वर्षी चाळीस पोरांना अशी वाक्यं लिहायला लावत होते. आईचे उपवास चालूच. सत्तरीला टेकली, साखरेचा आजार जडला, गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतल्यावर खायला हवं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आई गोळी घ्यायची आणि एकादशी धरायची. एका संकष्टीला देवळाच्या पायरीवर ती कोसळली. दुधाच्या गाडीतून आम्ही तिला डिचोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिच्यावर खेकसले, “आजी, पुढच्या वेळी तुम्हाला इथं आणायची गरज पडणार नाही. कळलं मी काय म्हणतो ते?”

कळलं तर सगळ्यांना. पण माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, जी स्वतः चतुर्थीलाही नऊच्या आत दोन घावणे खाऊन मोकळी होते, ती घरी येऊन म्हणाली, “एवढ्या वर्षांचं पुण्य आता कशाला गमवायचं? देव बघून घेईल.” देवाला कामाला लावायला आमच्या आत्याचा हात कुणी धरणार नाही.  पुढच्या सोमवारी आई परत उपाशी.

त्याच वर्षी काका वारले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पणजीला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. मधोमध आमचंच चित्र लागणार होतं. काकांच्या मुलाचा मला फोन आला, “ताई, तू त्यावर दहा मिनिटं बोल. तुझ्याएवढं ते कुणाला समजलंय?” मी लगेच हो म्हटलं. असल्या आमंत्रणाला मी कधी नाही म्हटलेलं कुणाला आठवत नसेल.

आदल्या दिवशी दुपारी मी आईसमोर भाषण वाचून बघितलं. ती ओसरीवर सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती. आत्मलीनता झाली, शरणागती झाली, ओंजळ तर झालीच. आई सुपातले खडे वेगळे करत म्हणाली, “आणि ती कोंबडी? ती थंय कित्याक उबी असा, तां लिवलंस काय नाय?”

मी म्हटलं, “लिहिलंय ना. मोह.”

“मोह खंयचो!” आई हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघत होते. “उंड्याचो चुरो पडत होतो. तो टिपूक इली ती. मियां उंडो खायत होतंय गो!”

उंडो म्हणजे आमच्याकडचा कडक सालीचा गोल पाव. मी कागद खाली ठेवला. मग तिनं सगळं सांगितलं, सूप हलवत हलवत, जणू शेजारच्या घरातली गोष्ट.

आजीच्या राज्यात सुनेनं नैवेद्य झाल्याशिवाय काही खायचं नाही असा नेम होता. नैवेद्य व्हायचा साडेबारा-एकला. आईला पाचवा महिना लागलेला. पहाटे उठून पाणी भरायचं, दळायचं, वाटायचं, आणि पोटात आग. घरात पाव चालायचा नाही. त्याला ताडीच्या सुरेनं आंबवतात म्हणून, आणि पूर्वी फिरंग्यांनी पाव विहिरीत टाकून अख्खी गावं बाटवली म्हणून. आमचे बाप्ये डिचोलीच्या बाजारात पावभाजी खाऊन ढेकर देत घरी यायचे, ते बाटायचे नाहीत. पाव उंबऱ्याच्या आत आला की बाटायचा. पाववाला पोदेर रोज सकाळी सायकलवर भोंपू वाजवत मागच्या वाटेनं जायचा. आई त्याला भट्टीसाठी नारळाची सोडणं द्यायची, तो तिला एक गरम उंडो द्यायचा. मग ती उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर बसून, पदराआड, दोन्ही हातांत धरून तो खायची.

“नेम मोडूक नाय हां,” ती म्हणाली. “उंबऱ्याच्या भायर खाल्लंय.”

काकांनी तिला तिथं बघितलं. ती घाबरली. दुपारी ते हळूच म्हणाले, “वैनी, उद्यां जरा सावकाश खावा. हात काढूक गावनत नाय.” म्हणून मग ती तीन सकाळी सावकाश खात बसली. शेजाऱ्यांची कोंबडी तिन्ही दिवस आली. काकांनी ती जशीच्या तशी काढली. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. चित्र पणजीला न्यायला गाडी सकाळी यायची होती. आईनं हे सांगितलं त्याच संध्याकाळी मी बैठकीत जाऊन दिवा लावून चित्राजवळ उभी राहिले. बोटांच्या फटीत तपकिरी साल दिसत होती. गाल एका बाजूनं फुगलेला होता. आईच्या तोंडात घास होता!

मी कुठं वाढले? कोंबड्यांच्या गावात. माणूस खात असल्याशिवाय कोंबडी मान वर करून अशी उभी राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. भटजींना कळत होतं, आजीला कळत होतं, मला कळत होतं. चित्र भिंतीवर लागलं आणि आम्हा सगळ्यांची अक्कल एकदम गहाण पडली.

“मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?” मी दुपारी तिला विचारलं होतं.

“सांगूक काय? तुझ्या आजीक कळलां असतां तर माका पार्श्याक धाडल्यान असतां. तुझ्या काकान माका वाचवल्यान.” तिनं सूप आपटलं. “आणि अर्धो उंडो तुझोच होतो. तूच भुकेलंलस. मियां एकटी असतंय तर उपाशी ऱ्हवलंय असतंय.”

ज्या पावाचा अर्धा वाटा मी पोटात बसून खाल्ला, त्याच्यावर मी ‘मौन प्रार्थना’ लिहिली आणि बक्षीस घेतलं. थू माझ्या जिंदगानीवर.

मग आईनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “माका आता उपास जमनत नाय. पण सोडलंय म्हणान सांगूक तोंड उघडणा नाय. इतक्या वर्सांची मानसां, ती काय म्हणतली? तू सांग थंय, चार मानसांत. तुझां आयकतत.” आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं. मी म्हटलं, “सांगते.” शब्द दिला मी.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. बसमध्ये आईनं गोळी घेतली आणि वर पाणी प्यायली. मी पिशवीतलं केळं पुढं केलं तर म्हणाली, “आधी तू बोल. मगे खातंय.”

प्रदर्शनाला गर्दी होती. मुंबईहून आलेले एक जाणकार आधी बोलले. त्यांना त्या जोडलेल्या हातांत एक पत्र दिसलं. दूरदेशी गेलेल्या प्रियकराचं पत्र ती ओठांना लावते आहे म्हणे. माझे वडील तेव्हा आत चौकटीत दाढी करत बसलेले असणार. जाणकारांनंतर एक अधिकारी उठले, त्यांना ती रडताना दिसली. गोव्यातल्या स्त्रीचं साडेचारशे वर्षांचं दुःख तिच्या खांद्यांवर आहे असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोंबडीबद्दल जाणकार म्हणाले की ती रंगसंगतीसाठी आहे.

मग माझं नाव पुकारलं. मी उठले. पुढच्या रांगेत आत्या, तिच्या सुना, काकांची मंडळी, माझ्या शाळेचे हेडमास्तर. भिंतीपाशी खुर्चीत आई, दोन्ही हात मांडीवर, माझ्याकडे बघत. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. मी तोंड उघडलं आणि त्यातून काय आलं? आत्मलीनता आली. शरणागती आली. ओंजळ रिकामी आहे म्हणूनच भरलेली आहे, हे मी पुन्हा एकदा म्हटलं, आणि हेडमास्तरांनी डोळे मिटले. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. दहा मिनिटं झाली. मी बसले. कुणी विचारेल, का? ह्याला ‘का’ नसतं. समोर चार ओळखीची माणसं बसली होती आणि मला त्यांच्यात शहाणी दिसायचं होतं. चाळीस वर्षं आजी जे करत होती, तेच मी केलं. फरक इतकाच की आजीला माहीत नव्हतं.

आईकडे बघायची हिंमत झाली नाही.

खाण्याची ताटं फिरायला लागली. बटाट्याची सुकी भाजी भरलेले छोटे उंडे होते. एक मुलगी ताट घेऊन आईसमोर थांबली तर आत्या लांबून ओरडली, “तिला नको हं! तिची एकादशी!” मुलगी लगेच पुढं सरकली. माझ्या हातात मात्र कुणीतरी बशी ठेवली. बशीत दोन उंडे होते आणि मी उभी होते.

आई खुर्चीतून उठली. तिला आधार लागतो, पण तिनं कुणाचा घेतला नाही. माझ्यापाशी आली, बशीतला एक उंडो उचलला आणि चित्राकडे गेली. लोकांनी वाट दिली. चित्रासमोर ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. मान खाली घातली. दोन्ही हात ओठांपाशी नेले.

 जाणकारांनी चष्मा सारखा केला. कुणीतरी फोटो काढला. आणि आत्या, भरल्या गळ्यानं, शेजारणीला म्हणाली, “बघितलंस? ह्या वयात, उपाशीपोटी, स्वतःच्या चित्राला नमस्कार करते आहे. अगदी तश्शीच!”

आईच्या पायांपाशी, पणजीच्या त्या गुळगुळीत फरशीवर, पावाचा चुरा पडत होता. मला तो दिसत होता. कुणालाही दिसला असता.

“आत्या,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा निघाला. “ती खाते आहे. तिला भूक लागली आहे. तेव्हासुद्धा तिला भूकच लागली होती, तेव्हासुद्धा ती पावच खात होती, आणि आजपासून ती रोज खाणार आहे.”

 आत्याचं तोंड उघडंच राहिलं.

आई वळलीसुद्धा नाही. तोंडातला घास कसाबसा गिळत ती चित्राकडे बघतच म्हणाली, “पाणी दी गो आधी. सुको असा, घशात अडाकलो.”